मुळासकट

वाल्दिव्हियात जूनमध्ये आठलाही नीट उजाडत नाही.
भरती-ओहोटीच्या नोंद कार्यालयात
मी आधी हीटर लावते, मग मशीन,
आणि काळ्या पडद्यावर पहिली ओळ उमटते, रोजचीच:
अशी फाइल अस्तित्वात नाही.

एवारिस्तो पुंता अरेनासला बदली घेऊन गेला
तेव्हा देऊन गेला कपाटाची चावी, होडीची चावी
आणि हा संगणक, चार वर्षं कुणी न झाडलेला.
मला हवा होता एकच छोटा प्रोग्राम,
उपग्रहाकडून समुद्राची उंची उतरवून घेणारा.
त्यासाठी आधी पॅकेज मॅनेजर बसवा,
त्याच्यासाठी आधी कंपायलर,
कंपायलरसाठी दोन तास आणि कार्यालयाचं अख्खं नेट.
नमनालाच घडाभर तेल.

मग मी नाव टाइप केलं, एकच,
आणि मागून वऱ्हाड उतरलं.
घड्या घालणारे तिघे, एकमेकांशी न बोलणारे,
कुलपांचा जाणकार, तारखांचा जाणकार,
शिवाय चित्रं रंगवणारा एक,
त्याला कुणी बोलावलं विचारलं
तर सगळे दुसरीकडे बघतात.
त्रेसष्ट जण. मी मोजले.
मागितली होती ओसरी,
चपला स्वयंपाकघरापर्यंत.

त्यात एवारिस्तोचा जुना पायथन घरात होताच.
आता नवा म्हणतो मी खरा, जुना म्हणतो मी.
हाक मारली की वाटेत जो आधी उभा
तोच ओ देतो.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं.
काढून टाकायचं, मुळासकट.
तर काढायचीही स्क्रिप्ट असते आणि तीही नेटवरूनच आणायची,
म्हणजे पाहुण्याला घालवायला
त्याच्याच भावाला घरात घ्यायचं.
भाऊ विचारतो: खात्री आहे?
त्याचं 'नाही' मोठ्या अक्षरात, 'हो' लहान.
मी लहान अक्षर दाबलं.

अकरा मिनिटं ओळी धावत राहिल्या.
खाली मासळीबाजारात समुद्रसिंह भांडत होते
टाकून दिलेल्या डोक्यांवरून.
त्यांना कुणी बसवलं नव्हतं,
नगरपालिकेला अजून काढता आलेले नाहीत.

शेवटी स्क्रिप्ट म्हणाली:
खालील गोष्टी निघाल्या नाहीत, त्या तुम्ही हाताने काढा.
मी यादी वाचलीही नाही.
घरी गेले, झोपले.

सोमवारी दोन कुस्तोदियो आला,
कोरालच्या फेरीचा,
ओली टोपी हातात, शब्द मोजून.
सेन्योरिता, तुमचं पाणी वाढलंय
आणि माझं नाही.
किती?
त्याने दोन बोटं दाखवली, मग थोडा विचार करून
तिसरंही जोडलं.

मग मी यादी उघडली.
न निघालेल्या फोल्डरांच्या तळाशी
सेटिंगची एक फाइल, सहा ओळींची,
पाचांवर आकडे, सहावी माणसाची:
"जुना मापक तीन सेंटिमीटर जास्त दाखवतो. वजा कर.
मापक दुरुस्त करू नकोस, मागची चाळीस वर्षं खोटी पडतील. ए."

त्या आकड्यांची वजाबाकी करणारा
वऱ्हाडातच होता.
शुक्रवारी गेला, सगळ्यांबरोबर,
कुणाशी न बोलता.

मी एवारिस्तोला लिहिलं, सांगायचं होतंस.
तो म्हणाला, सांगितलं होतं की,
जिथे कामाला लागेल तिथे.
आणि खाली: इकडे वारा फार आहे.

मग पुन्हा कंपायलर, पुन्हा दोन तास, पुन्हा सगळं नेट,
पुन्हा त्रेसष्ट.
चौसष्ट, या वेळी.
नवी मंडळी दुसऱ्या फोल्डरात उतरली
आणि मशीन उघडलं की जुनी ओळ जुन्या दारावर टकटक करते:
अशी फाइल अस्तित्वात नाही.
ती पुसायला अर्धं मिनिट लागेल.
लागेल कधीतरी.

एवारिस्तोच्या ओळीखाली मात्र मी माझी ओळ घातली,
कुणी उद्या वैतागून सगळं काढायला बसेल
त्याच्यासाठी:
"होडीने जाऊन मोजलं. अजूनही तीनच. रोसाल्बा."