चार मिनिटं बारा सेकंद

त्रेसष्ट भागिले पंधरा.
रबाळ्याच्या कंपनीत, रात्रपाळीला,
पॅकिंगच्या खोक्यावर मी हे गणित मांडलं.
सात मिनिटांचा डाव, मैदानात नऊजणी,
पोरी पंधरा.
उत्तर आलं चार मिनिटं बारा सेकंद.
चार मिनिटं कुणालाही देता येतील.
वरचे बारा सेकंद कुठून कापू,
कुणाच्या पायातून?

आमचं मैदान घणसोलीत, हायटेन्शनच्या तारांखाली.
कोपऱ्यात सिडकोचा बोर्ड आहे: राखीव.
कशासाठी, ते पुसून गेलंय.

वही चौकटींची, भाच्याची उरलेली पानं.
त्यात विधी म्हात्रेपुढे मिनिटंच मिनिटं.
ती उशिरा येते, केस बांधत बांधत येते,
आणि खांबाला असा वळसा घालते
की कुंपणापलीकडचा रिक्षावाला
भाडं सोडून बघत राहतो.

रेणुका राठोड दिघ्याच्या डोंगरावरून उतरते
सगळ्यांच्या आधी.
दोरी धरते, फक्की टाकते,
आठही पाट्या आखते हात न थरथरता,
मग आखलेल्याच्या बाहेर जाऊन बसते
आणि चौदाजणींच्या चपला सांभाळते.

ईशिताचे बाबा मोबाइलवर वेळ लावून उभे असतात.
"आमची अडीच मिनिटं, म्हात्र्यांची सात.
हिशोब दाखवा, मॅडम."
मी वही पुढे केली.
त्यांनी ती हातावर तोलली
आणि न उघडता परत दिली.

खरं सांगते, चपला मीही सांभाळल्यात.
ठाण्याला, जिल्ह्याच्या फायनलला, कडेच्या सतरंजीवर.
सर म्हणाले होते, "तू पुढच्या वर्षी."
पुढच्या वर्षी माझं लग्न होतं.

म्हणून रविवारी, ऐरोलीच्या सामन्यात,
रेणुकाला उतरवलं. अख्खा डाव. पाचवी पाटी.
काय बसली होती ती!
टाच उचललेली, बोटं रेषेच्या आत,
अंगात धनुष्यासारखा ताण.
खो-खोत बसणं हाही खेळच असतो,
बाहेरच्या बसण्याहून त्याचा फरक एवढाच
की आत बसलं तर
पाठीवर हाक येऊ शकते.

तिसरीला खो.
सातवीला खो.
पहिलीला, पुन्हा सातवीला,
पाचवीच्या पाठीमागून वारा गेल्यासारख्या
पोरी जात राहिल्या.
ती दर वेळी अर्धा इंच उठायची
आणि अर्धा इंच परत बसायची.
मी ओरडू शकले असते, "पाचवीला दे गं!"
गुण बरोबरीत होते.
मी ओरडले नाही.

शिट्टी झाली.
वहीत लिहिलं: रेणुका, सात मिनिटं.
माझ्याच अक्षराकडे मला बघवेना.

जिंकलो. एका गुणानं.
सांगायचं राहून गेलं होतं.

परतताना टेम्पोत विधीला विचारलं, रागावून नाही.
ती बाटली तोंडाशी नेता नेता थांबली,
खरोखरच आठवू लागली.
"मुद्दाम नाही, ताई.
ती आत आहे हे ध्यानातच राहत नाही.
आम्ही तिला बाहेरच बघतो ना."

आज पहाटे वहीत एक रकाना वाढवला.
वर लिहिलं: खो.
पट्टी सरकली, रेघ तिरकी गेली,
तशीच ठेवली.
ईशिताच्या बाबांना हा कसा समजावायचा,
मला अजून ठाऊक नाही.
मलाही तो नीट कळलाय असं नाही.

आणि विधीला अर्धा तास बाहेर बसवलं.
शिक्षा नाही म्हटलं, नुसतं बस.
सुरुवातीला फुरंगटली.
मग हाताला चाळा म्हणून चपला जुळवायला लागली.
कुठली कुणाची, तिला कळेना.
ईशिताची कळली, सायमाची कळली,
शेवटी एक जोड उरला,
अंगठ्याजवळ तारेनं बांधलेला.

तो हातात धरून ती उभी राहिली
आणि मैदानात बसलेल्या पाठी
एकेक करून मोजू लागली.