तोंड आसाकडे

रिओनीच्या वरच्या अंगाला, अंब्रोलाउरीच्याही पुढे,
एक लहानसं वीजघर आहे. दोन यंत्रं.
पहिलं माझ्याहून म्हातारं, कार्बनचे ब्रश चावत चालणारं.
दुसऱ्याचा दिष्टकारी माझा,
कुताइसीत तिसऱ्या मजल्यावर काढलेला, एका घाईच्या मार्चमध्ये.

तारिएल हा ब्रशवाल्या यंत्राचा माणूस.
चाळीस वर्षांची काजळी नखांत,
ब्रश झिजला की त्याला वासानं कळायचं.
माझं यंत्र आलं तेव्हा त्यानं चारी बाजूंनी फेरी मारली.
"ह्याला हात कुठून लावायचा?"
लावायचाच नाही, मी म्हटलं.
सहा डायोड आसावरच बसलेत, आसाबरोबर फिरतात,
ये-जा करणारी वीज तिथल्या तिथे एकमार्गी होते.
आत काहीच घासत नाही.
"घासत नाही ते बोलतही नाही," तो म्हणाला
आणि लोबियानीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

गणित सोपं होतं.
शंभर ग्रॅमचा डायोड, तीस सेंटिमीटरची त्रिज्या,
मिनिटाला साडेसातशे फेरे.
उत्तर येतं जवळजवळ एकोणीस किलो.
मुठीत मावणारा धातू
पाच वर्षांच्या पोराएवढा जड होतो
आणि बाहेर, बाहेर म्हणत हात ओढतो.

म्हणून त्याला बसवायचं ते असं:
बूड कड्याला टेकलेलं, तोंड आसाकडे.
मग जी ओढ त्याला भिरकावू पाहते
तीच त्याला जागेवर दाबून धरते.
आतली सिलिकॉनची चकती, नखाहून पातळ,
त्या ओझ्याखाली गुमान बसते,
तापली तर ताप बुडाशी सोडून देते.
उलटा बसवलात
तर तीच ओढ चकतीला बैठकीवरून सोलत राहते,
रोज थोडी, कुणाला न दिसेल इतकी.

हे मला ठाऊक होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पण चौथ्या जागी जोडतार चार सेंटिमीटर आखूड पडली,
नवी यायला तीन आठवडे,
आणि उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख ठरलेली.
एकच तर आहे, म्हटलं. चौथ्याचं तोंड बाहेर.
आराखड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं: तात्पुरतं.

दोन हिवाळे गेले.

फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.
"ग्वांत्सा, तुझं यंत्र जास्त खातंय.
दिवे तेवढेच, पण काटा वर सरकलाय, आणि थरथरतो."
कुठल्याही गावात अंधार नव्हता.
वरच्या वस्तीवर कुणीतरी दूध तापवत असेल,
कुणी मुलाला झोपवून टीव्हीचा आवाज कमी करत असेल.
सहाव्या भावाचं ओझं पाच जणांनी वाटून घेतलं
की घरातलं बाहेर कळत नाही.

पहाटे पोचले. तारिएलनं जाळीतून लुकलुकता दिवा धरला,
सेकंदाला साडेबारा उघडझाप,
आणि फिरतं चाक डोळ्यांपुढे उभं राहिलं,
एखाद्या आरोपीसारखं स्तब्ध.
तो दिवा किंचित मागेपुढे करी
तसतसं चाक एकेक जागा दाखवी: पहिली, दुसरी, तिसरी.
चौथ्या फ्यूजमधून लाल टाचणीएवढी खूण वर आली होती.

मी काही बोलले नाही.
तो म्हणाला, "बोलतं की गं. माझा कान जुना होता."

दुपारी यंत्र थांबवलं, पाणी वळवलं.
मेलेला डायोड तेवढाच, शंभर ग्रॅमचा निघाला,
वजन सगळं फिरण्यातच राहून गेलेलं.
नवा बसवला, नव्या लांब तारेसकट, बूड बाहेर.
पाना तारिएलनं फिरवला; मला म्हणाला, तू मोज.

आराखडा माझ्या पिशवीत होता.
"तात्पुरतं" खोडायला खोडरबर नव्हतं,
त्यानं ब्रशचा एक झिजलेला तुकडा पुढे केला.
त्यानं काही पुसलं गेलं नाही,
फक्त तो कोपरा काळा झाला.