दोन बोटं वाळू

पावतीपुस्तक माझ्याकडे, म्हणून हे मीच सांगायचं.
सभासद एकतीस. वर्गणी देणारे अकरा.
कंपेलच्या रस्त्याला, लसणाच्या वाफ्यांपलीकडे
वीस बाय वीसचा तुकडा.
झोकरकरांच्या मेव्हण्यानं दिला, एका अटीवर:
शनी आधी त्याच्या मुलीला दिसला पाहिजे.

माळव्याची काळी माती.
पावसात फुगते, चैत्रात तडकते,
भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो.
हिच्यावर घर उभं राहतं,
घराला थोडं हललेलं चालतं.
दुर्बिणीला चालत नाही.
म्हणून खणत गेलो. सहा फूट, आठ,
अकराव्या फुटाला पहार खणकन वाजली
आणि पन्नास वर्षं वर बघत आलेले शौचे सर
खड्ड्यात वाकून म्हणाले, "हा. हा चालेल."

तिथून खांब वर आणला.
भोवती फरशी, पण खांबाला न टेकलेली.
मध्ये दोन बोटं फट, फटीत वाळू.
लखन मिस्त्री दोनदा सिमेंट भरून मोकळा झाला,
दोनदा छिन्नीनं काढायला लावलं.
"जोड दूं तो मजबूत होगा नं, भिया?"
त्याला कसं सांगावं,
आपण नुसता पाय बदलला
तरी वर एक अख्खा सूर्य थरथरतो.

आरसा पळशीकरांकडे घासला गेला,
सुदामानगरात, दुसऱ्या मजल्यावर,
डिझेलच्या रिकाम्या पिंपावर.
काचेवर काच, मध्ये पाणी नि कुरुंदाची पूड.
सहा घासे, एक पाऊल. सहा घासे, एक पाऊल.
कधी देवळात न गेलेल्या माणसानं
चौदा महिने पिंपाला प्रदक्षिणा घातल्या.
मग त्यांचा उजवा हात कापू लागला.
दुखण्याचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
शेवटचं पॉलिश वहिनींनी केलं, राळेच्या चकतीवर,
ते खुर्चीत बसून मोजत होते.
केसाच्या हजाराव्या भागाइतकीही चूक नको, म्हणाले.
वहिनी म्हणाल्या, "बरं."

घुमट लोहामंडीतल्या इस्माइलभाईंचा.
आजवर धान्याच्या कोठ्या केल्या त्यांनी,
फिरणारी ही पहिलीच.
चाकं बंद मिलच्या भंगारातली,
सूत वाहायच्या ट्रॉल्यांची, आठ.
माझे वडील त्याच मिलमध्ये, सायझिंग खात्यात.
यातलं एखादं कधी त्यांनी ढकललं असेल.
नसेलही.
किलोच्या भावानं घेतली, पावती आहे.

घुमट बसला त्या दुपारी
आत जाऊन दार ओढून घेतलं
आणि अंधारात, डोक्यावर, सात तारे.
वेल्डिंगच्या सांध्यांतली भोकं.
इस्माइलभाईंचा चेहरा उतरला.
मंडलीकबाई मात्र खाली बघत होत्या.
भोकं वेडीवाकडी, तिकोनी, फाटकी,
फरशीवरचे कवडसे सगळे गोल.
"कवडसे कुठले," त्या म्हणाल्या, "सूर्य आहेत हे.
सात. आणि बघा, चाललेत."

सहा बुजवले. एम-सील, नग तीन, सही माझी.
सातव्याचं पावसाळ्याआधी बघू असं ठरलं,
म्हणजे कुणी काहीच ठरवलं नाही.

रात्री मेव्हण्याची मुलगी स्टुलावर चढली.
कडी दिसली का, सगळ्यांनी एकदम विचारलं.
ती म्हणाली, "हलून नाही राहिला."
लखन तेव्हा कुठे वाळूकडे वाकून बघून आला.

पळशीकर आले नव्हते.
वहिनींनी सगळ्यांत शेवटी पाहिलं, बराच वेळ.
"यात आरसा कुठे दिसतो?"
"आरसा दिसत नाही, वहिनी."
"बरं," त्या म्हणाल्या,
आणि पुन्हा डोळा लावला.

किल्लीही माझ्याकडेच असते.
दुपारी कधी एकटा जातो, हिशेबाचं निमित्त करून.
फरशीवर रुपयाएवढा सूर्य पडलेला असतो.
सरकत सरकत काठाशी येतो,
दोन बोटं वाळू ओलांडतो,
खांबावर चढतो.
काही हलत नाही.

तो रुपया कुठल्या खात्यात धरायचा,
अजून लिहिलेलं नाही.