एकेक चिठ्ठी

यादी पाचव्या पानावर गेली
तेव्हा मी पेनाला टोपण लावलं.
म्हटलं, आता प्रत्येकाने एकच लिहायचं.
एकच गोष्ट, जी कापायची नाही.
बाकी सगळं घासाघिशीला मोकळं.

दौलतगंजच्या आमच्या माडीवर
रात्रीचे साडेदहा, शेगडीत विझत आलेले कोळसे,
मधोमध पोह्यांची रिकामी परात
चिठ्ठ्या टाकायला.

मिहिरने विचारसुद्धा केला नाही. डीजे.
खाली दोन रेघा.
कुमुदआत्या म्हणाली, एक कशी पुरेल गं,
आणि कागदाच्या चारही कडांनी लिहीत गेली:
रुखवत, सूनमुख, विहिणींच्या साड्या,
कार्यालय बाड्याजवळच हवं,
नाहीतर लोक म्हणतील
(लोक काय म्हणतील ते लिहायला
जागा उरली नाही).

सौमित्र पुण्याहून फोनवर म्हणाला,
धुकं पडलं, झेलम आठ तास लेट झाली,
तर मुहूर्त थांबेल का, तेवढं बघ.
मी त्याच्या वतीने लिहिलं: धुकं.

बाबांची चिठ्ठी: पाणी.
नुसतं पाणी.
अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये, आत्याच्याच लग्नात,
टँकर कंपूवरून इकडे वळलाच नाही
आणि जेवलेलं वऱ्हाड
खरकटे हात अंगापासून लांब धरून
उन्हात उभं राहिलं.
त्यातले एक म्हातारे, कुणाचे कोण ते अजून कळलेलं नाही,
वाळलेल्या बोटांकडे बघत म्हणाले, हरकत नाही.
त्या हरकत नाहीपायी
बाबा आजही दारात आलेल्याला
आधी तांब्या देतात, मग बस म्हणतात.
डिसेंबरातसुद्धा.

आई कागद घेऊन आत गेली.
दूध उतू जातंय म्हणाली. जात नव्हतं.
आली ती घडी घालूनच.
दूधवाल्याच्या हिशेबाच्या पाठीमागे
आधी लिहिलेलं: माझं काही नाही.
त्यावर काट.
खाली, जरा बारीक अक्षरात:
पहिल्या पंगतीत बसायचंय. भात गरम असताना.

ही एवढी मी मोठ्याने वाचली नाही.

आईला कार्यात जेवताना
मी कधी पाहिलंय, आठवू लागले.
कोठीच्या खोलीत, साडेचारला,
कमरेला किल्ल्या, डाव्या हाताने जिलब्या मोजणं चालू,
उजव्यात गारढोण पुरीचा तुकडा.
बाहेरून कुणी ओरडतं, सुपाऱ्या कुठायत,
ती घास गालात सारून सांगते,
लाल डब्यात, निळ्या पिशवीखाली.

माझी स्वतःची चिठ्ठी कोरीच होती.
शालू, फोटोवाला, किल्ल्यावरचं ते शूटिंग,
हवं होतं सगळं, खोटं कशाला बोलू.
त्यातलं बरंचसं आहेही अजून यादीत.
डीजेचा मात्र एक तास गेला.
मिहिर दोन दिवस बोलला नाही, मग बोलला.
आत्या अजून म्हणतेय, मुलीची आई
पहिल्या पंगतीत बसते का कुठे?
बसते. विहिणीला लागूनच पाट मांडायचा.

सकाळी नया बाजारात रामसेवक कुशवाहांकडे गेले.
अडीचशे ताटं, म्हटलं, आणि एक वेगळं लिहा.
ते ताट मांडलं की भात चुलीवरून थेट तिथे.
ती उठेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही.
किल्ल्या माझ्याकडे राहतील.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं:
"चाबियाँ? दुल्हन के पास?"
मी मान हलवली.
त्यांनी वहीत लिहिलं, एक, गरम,
पेन्सिल कानामागे खोचली,
मग काहीतरी आठवून परत काढली.
"और मठ्ठा, बिटिया? सर्दी में लेंगी वो?"

मला माहीत नव्हतं.
मठ्ठा ती पिते का,
आवडतो की आम्हाला वाढून संपतो,
एकतीस वर्षांत माहीत नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर येऊन फोन लावला.
एंगेज.
कुणीतरी तिला विचारत असणार,
काहीतरी कुठाय म्हणून.