काल यायला हवं होतं

सीडर की, फ्लोरिडा. फेब्रुवारीतला मंगळवार.
व्हर्लिनने हात देऊन मला नावेत घेतलं
आणि धक्क्याचा दोर सुटायच्या आतच म्हणाला,
'काल यायला हवं होतं तुम्ही.'

काल म्हणे कालवांच्या या बांधाशी
तांबूस मासे रेशनला उभे राहावेत तसे उभे होते.
कुणा शाळामास्तराने नऊ काढले.
त्याची बायको झोपली होती, तिच्याही गळाला दोन.

आज पाणी कोऱ्या चहासारखं, तेही निवलेल्या.
ओहोटी नको इतकी आत गेलेली
आणि कालवं उघडी पडलेली, धारदार, राखाडी.
काल, कालवं, कालवण:
आमच्याकडे हे शब्द एकाच आळीत राहतात,
हे त्याला कसं सांगणार.

हा दिवस मला ऑफिसने दिला, निवृत्तीची भेट.
कधीतरी बोलून गेले असेन, मी समुद्राकाठची.
पण मला मासा ठाऊक तो मिरकरवाड्यातला,
कल्ला उघडून, डोळा निरखून, घासाघीस करून.
जिवंत मासा दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतो
ते आजपर्यंत ऐकूनच होते.

नारिंगी बूच पाण्यावर. खाली कोळंबी.
बूच हलत नाही.
जागा बदलली. पुन्हा बदलली.
तो मागच्या चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने नाव ढकलतो,
गुडघ्याला पट्टा, नजर पाण्यात,
जणू किल्ली पडलीय कुणाची.

अकरापर्यंत त्याचे किस्से संपले.
मग तो बोलायला लागला.
वडिलांची जाळी. वादळात गेलेलं घर,
ज्याचा जिना तेवढा राहिलाय,
अकरा पायऱ्या, वर काही नाही.
लेक जॉर्जियात असते. फोन करते. तसा करते.
आणि मध्येच, शिंक यावी तसं,
'काल खरंच यायला हवं होतं.'

हे वाक्य मला आधी मराठीत भेटलंय.
रिक्षातून उतरले तर दारात चपला फार होत्या.
वहिनी म्हणाली, काल यायला हवं होतंस.
अटलांटाला धुकं होतं. एवढंच.
तिच्या आवाजात राग नव्हता.
याच्याही नाही.
जणू समुद्र त्यांनीच आवरून ठेवायचा होता
आणि राहून गेला.

दीडला बूच बुडालं.
मी ओरडले, कोणत्या भाषेत ते आठवत नाही.
ठिपक्यांचा ट्राउट, हातात मावणारा, चिडलेला.
व्हर्लिनने पट्टीवर आडवा धरला,
शेपूट चिमटीत दाबून पाहिली, पुन्हा पाहिली.
एक इंच कमी.
'तुम्हीच सोडा,' म्हणाला.
सोडला. बोटांना वास राहिला.

धक्क्यावर तो अर्धे पैसे परत देऊ लागला.
मी घेतले नाहीत. मग त्याने चुलतभावाच्या शेतातले
शिंपले दिले, जाळीच्या पिशवीत, ओले.
उद्या कोण येणार, विचारलं.
टेनेसीचे दोन भाऊ, म्हणाला.

त्यांनाही हा दोर सुटायच्या आत सांगेल,
काल यायला हवं होतं.
आणि त्या कालमध्ये मी असेन,
उसन्या टोपीत, बुचाकडे बघत,
एक इंच कमी नसलेला मासा धरून.

गाडीत मागच्या सीटखाली
शिंपले ठिबकतायत.