सातवा भाग, फक्त आवाज

चित्र नाही, हे आधीच सांगून टाकतो.
फीत पुसली त्यांनी बहात्तर साली,
तिच्यावर घोड्यांची शर्यत भरली म्हणे.
उरलाय तो आवाज:
ग्रिम्सबीच्या एका पोराने
टीव्हीपुढे खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीवर माइक
असा मनोरा रचून पकडलेला.
सदुसष्टचा नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळचे पावणेसहा.

पोराचं नाव क्लाइव्ह ऑझगर्बी.
आता त्याचे दोन्ही गुडघे स्टीलचे आहेत
आणि रीळ बिस्किटांच्या डब्यात.
डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
'एवढी वर्षं परीक्षणं लिहिलीस, याचंही लिही.'
लिहिली खरी. साप्ताहिकाच्या नवव्या पानावर,
कॉड आणि हॅडकच्या भावांशेजारी.
लोक भाव वाचायचे.

तर मालिका 'चौथं ठाणं', भाग 'मिठाचा चंद्र'.
नेपच्यूनच्या पल्याड पाच माणसं, एक कण्हणारा पंखा,
बाहेर मीठ, नजर जाईल तिथवर मीठ.
मिठात काहीतरी राहतं. ते श्वास घेतं
बागेला पाणी घालायच्या नळीतून
(ओळखू येते; माझ्याकडे तसलीच आहे).
मधली दहा मिनिटं बोगद्यात नुसती पळापळ,
पावलं वाजतात लाकडी फळ्यांवर.
चंद्रावर फळ्या कुणी वाहून नेल्या?
कप्तान बोलतो
कर्ज नाकारणाऱ्या बँक मॅनेजरसारखा.
डॉक्टर हेस्पर लाइल तेवढी
कमी बोलते, म्हणून खरी वाटते.

एकोणिसाव्या मिनिटाला ती बाहेर अडकते.
दार ठोठावते. तीनदा. मग दोनदा.
आत कप्तान. बोट बटणावर असेल, नसेल.
आणि मग अकरा सेकंद काहीच नाही.
घड्याळ लावून मोजले मी.
त्या काळी अकरा सेकंद गप्प राहायचं
म्हणजे छातीच लागते, लेखकाला सलाम.

पण त्या अकरा सेकंदांत
ऑझगर्बींच्या स्वयंपाकघराचं दार करकरतं.
जड बूट. खोकला.
एकवीस दिवसांनी ट्रॉलरवरून उतरलेला माणूस विचारतो,
'बाहेर कोण आहे?'
'डॉक्टर. शूऽ, बाबा.'
'मग दार का नाही उघडत?'
'नियम आहे त्यांचा.'
'ज्यानं केला, तो कधी बाहेर राहिला नसणार.'

आणि लगेच कप्तान घसा खाकरून म्हणतो,
'नियम आहे.'
पण आता हलक्या आवाजात,
जणू घरातलं बोलणं त्याच्या कानावर गेलंय
आणि मान वर करवत नाहीये.
पाच माणसांनी एकाच डब्यातलं खाल्लेलं,
त्या मिठाला जागायचं की मॅन्युअलला,
हा प्रश्न पटकथेत असेल, मला माहीत नाही.
मी तो बूट न काढलेल्या माणसाकडून ऐकला.

क्लाइव्हला कंपनीचं पत्र आलंय.
घरातले आवाज गाळून
स्वच्छ आवृत्ती काढणार आहेत ते,
मशीन आहे त्यासाठी.
पत्र सभ्य आहे, सहीसुद्धा शाईची.
स्वच्छ आवृत्तीला माझे दोन तारे.
आहे तशीला साडेचार;
अर्धा फळ्यांचा कापला.

शेवट सांगता येत नाही.
विसाव्या मिनिटाला रीळ संपतं,
नुसती फडफड ऐकू येते,
आणि संहिता म्हणे कुणाच्या तरी तळघरात भिजली.
मी क्लाइव्हला विचारलं,
तू तर समोर बसला होतास,
उघडलं का रे त्यांनी दार?

तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसला.
म्हणाला, पाहिलं नाही मी.
बाबांनी बटाट्यांवर मीठ मागितलं,
आणायला उठलो होतो.