तुळईखाली

मागाला सुट्टी होती, शाळेलाही.
अंबादासभावजींची रिक्षा मागून आणली,
डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि पाच केळी.
चौघांत पाचवं कशाला, विचारलं यादगिरीनं.
भांडायला, म्हटलं मी.

आधी भुईकोट.
नवनीत तोफ शोधत होता. पाच वर्षांचा माणूस
किल्ल्यात दुसरं काय शोधणार?
सापडली खार.
बुरुजावरून त्यानं तिच्याशी लढाई पुकारली,
मग शू लागली, म्हणून तह केला.

पुढं विजापूर रस्ता, दोन्हीकडं ज्वारी भरात,
रिक्षा इतकी धडधडत होती
की बोलायचं झालं तर ओरडावं लागे.
हरिणी ओरडलीही नाही, बोललीही नाही.
शुक्रवारपासून तिच्या डायरीत
लाल शाईचे दोन शब्द होते:
वाचन कच्चे.

घरात आमच्या तेलुगू, गल्लीत तेलुगू.
मराठी तिला शाळेच्या फाटकात भेटते,
नव्या गणवेशासारखी,
कडक, आणि काखेत टोचणारी.

कुडलला भीमा आणि सीना एकमेकींत जातात.
कुठलं पाणी कुणाचं, नवनीतला कळेना.
भांडत नाहीत का, म्हणाला,
आणि पाचवं केळं आठवून बहिणीकडं बघितलं.

देवळात एक लिंग आहे, अंगभर तोंडंच तोंडं.
तीनशे एकोणसाठ, गुरव म्हणाले.
नवनीतला हिशेब तपासायचा होता.
ओकटी, रेंडु, मूडु... बोट ठेवत ठेवत,
दहाच्या पुढं मराठीत,
एकोणतीसच्या पुढं वीस-आणि-दहा, वीस-आणि-अकरा,
मग एका तोंडाला तो म्हणाला, तू हललास,
आणि पुन्हा ओकटीपासून.

दुसऱ्या देवळात गुरवांनी काठी वर केली.
ती तुळई बघा. मराठीतली फार जुनी ओळ.
हजार वर्षं झाली.
काय लिहिलंय?
जो वाचेल तो जिंकेल, असं काहीसं.

हरिणीनं मान मागं टाकली.
तिची वेणी पाठीवरून सुटून लोंबकळली.
बराच वेळ.
पप्पा, तुला येतं हे वाचायला?

यादगिरी सातवी. पुढं माग.
त्यानं डोळे बारीक केले, जकार्डचं नवं कार्ड
उजेडात धरून बघतो तसे:
कुठं भोक, कुठं नाही,
कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा.
म्हणाला, वाचता नाही येत.
पण इथं बघ, छिन्नी थांबलीय त्याची.
जेवायला गेला असेल. आल्यावर हात जरा जड पडलाय.
आणि हे अक्षर बघ, कसं कललंय.

त्याच्या डायरीत पण लाल शाईनं लिहिलं असेल का?
विचारलं तिनं.
कुणीच हसलं नाही. गुरव तर मुळीच नाही.

मग तिनं बोट वर केलं. तो त आहे.
असेलही. दगडाचा टवका उडालेलाही असेल.
गुरवांनी काठी तिच्या बोटाजवळ नेली,
आणि तशीच ठेवली.

नदीकाठी भाकरी खाल्ली.
पाचवं केळं माकडानं नेलं.
दोघं एकदम रडली, पहिल्यांदाच एका बाजूनं.

येताना ऊन उतरलं होतं.
नवनीत माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेला,
आणि हरिणी रिक्षाच्या पट्टीला धरून
रस्त्याशी ओरडत होती:
प्रो... प्रो... प्रोप्रा. खत. बी. बियाणे.
पंच... पंचकर.
पंक्चर गं, म्हणायला मी तोंड उघडलं,
आणि धूळ गेली तोंडात, बरं झालं.

सोमवारी धुणं.
नवनीतच्या चड्डीच्या खिशात एक खडा,
बोराएवढा, एका बाजूला टेंगूळ.
हे काय रे?
तीनशे साठावं, म्हणाला.
त्याला अजून डोळे यायचेत.

साबणाचा हात पुसला
आणि तो खडा खिडकीत ठेवला,
मागाचा आवाज येतो त्या बाजूला.